मागचा पाय पुढच्या ठशात

"नाव घेऊ नकोस," मामी म्हणाली.

मी तोंड उघडलंच होतं. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत खुराचे दोन निमुळते तुकडे शेजारी शेजारी उमटले होते, बदाम उभा चिरून ठेवल्यासारखे, आणि मला 'हरीण!' असं किंचाळायचं होतं. मी सुट्टीत मामाकडे आले होते. वय असं, की दिसेल त्याचं नाव मोठ्याने सांगितल्याशिवाय ते आपलं होत नाही.

"पण हरीणच आहे ना गं?"

"घेतलंस नाव? झालं. आता तुला हरीणच दिसणार." ती उकिडवी बसली, गुडघे कडकडले. "आधी वाचायचं. जड आहे की हलकं? चालतंय की पळतंय? दमलंय का? कुठे थांबलंय? सगळं वाचून झालं की मग नाव. नाव शेवटी."

मी वाचायला बसले. टोकं चढाकडे, म्हणजे वर गेलं. तुकडे मिटलेले, म्हणजे निवांत चालत होतं. पळालं असतं तर दोन्ही फाकले असते आणि मागची बारकी नखंही मातीत रुतली असती. इथपर्यंत जमलं. मग मी अडले.

"मामी, याला पाय दोनच आहेत."

मागे कुंपणाची तार ओढत असलेला मामा खो खो हसला.

"चार आहेत," मामी म्हणाली. "मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो. पुढच्या पायाने जागा चाचपलेली असते. काटकी नाही, सुटा दगड नाही, आवाज होणार नाही. मग मागचा पाय बिनघोर तिथेच. नीट बघ, कड दुहेरी आहे."

"आमच्या संसाराचं चित्र आहे ते," मामा म्हणाला. "मी मागचा पाय."

"तू? तू कधी माझ्या पावलावर पाऊल टाकलंस? डावीकडून ये म्हटलं की उजवीकडच्या खड्ड्यात सापडतोस!"

"तोही ठसाच आहे की. वाच!"

मामी त्या जंगलाच्या चौकीवर माग काढायचं काम करायची. डोंगराच्या एका अंगाला नवीन रोपं लावलेली होती, दुसऱ्या अंगाला जुनं रान, आणि दोन्हींच्या मध्ये तारेचं कुंपण. रोज सकाळी ती एका वाटेने वर जायची, दुसऱ्या वाटेने खाली यायची आणि चौकीतल्या साहेबाला सांगायची: कळप कुठे आहे, किती दिवसांत तारेला भिडेल, कुठून आत शिरेल. ज्यांची काळजी घ्यायची ती हरणं तिला फारशी दिसायची नाहीत. तिला दिसायचं ते हरीण गेल्यानंतरचं. दबलेल्या गवताचा लांबोडा खळगा, रात्री निजलेल्या अंगाचा. तारेच्या काट्यावर अडकलेला केस, जो दोन बोटांत वाकवला की वाकत नाही, मोडतो, कारण आतून पोकळ असतो. खोडाची सालपटं निघालेली, दोऱ्यांसारखी लोंबणारी. तिथे नराने शिंगं घासलेली. आणि खाल्लेली डहाळी. "कापलेली आहे की ओढून तोडलेली?" ती विचारायची. सुरीने कापल्यासारखी तिरपी असेल तर ससा. चिंध्या झालेली असेल तर हरीण. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, बिचारं ओढून तोडतं.

"म्हाताऱ्या माणसासारखं," मी म्हणाले होते.

"तुझ्या मामासारखं. ब्रश करायचा आळस."

तिच्या कोटाच्या खिशात कायम लेंड्या असायच्या. चकाकणारी म्हणजे आजची, मंद झालेली म्हणजे कालची, चुरली जाणारी म्हणजे जुनी. ती त्या बोटांत फिरवत बोलायची, जपमाळ ओढावी तशी. धुणं मामाकडे. "लोकांच्या बायकांच्या खिशात रुमाल सापडतो," तो बादलीपाशी उभा राहून ओरडायचा, "माझ्या नशिबी हे!"

"ताज्या नाहीत त्या!"

"हो, तेवढी मेहेरबानी आहे!"

घरात तिला काही लपवता यायचं नाही. मामा उशिरा आला की ती त्याच्याकडे बघायचीच नाही, उंबऱ्यावरच्या मातीकडे बघायची. "लाल माती. खालच्या बाजारात गेला होतास. एका पायावर भार देऊन बराच वेळ उभा होतास. म्हणजे कोणाशी तरी गप्पा. मोची?" मामा हात जोडायचा. म्हणून तर त्याची सवय झाली होती: उशीर झाला की दाराबाहेर घुटमळायचा, बुटांची माती दगडावर खरवडून काढायचा, आणि आतून मामी ओरडायची, "पुरावा नष्ट करू नकोस, ये आत!"

त्या बुटांचं सांगायला हवं. तरुणपणी तारेचा पीळ सुटून मामाच्या डाव्या घोट्यावर बसला होता. तेव्हापासून तो डावा पाय बाहेरच्या कडेवर टाकायचा आणि टाच तेवढ्याच बाजूला झिजायची. खालच्या बाजारातल्या मोच्याने त्यावर उपाय म्हणून अर्ध्या चंद्रासारखी लोखंडी नाल ठोकून दिली होती. चौकीच्या फरशीवर मामा चालला की एक पाऊल मुकं आणि एक बोलकं. टप, टिक. टप, टिक. आणि मातीत त्याचा ठसा म्हणजे चौकटीचौकटीची नक्षी आणि डाव्या टाचेला कोरलेली चंद्रकोर.

संध्याकाळी तो पायरीवर बसून दोघांचे बूट साफ करायचा. स्वतःचे आणि मामीचे. चाकूच्या पाठीने सोलच्या खाचांतली माती काढायचा. मामीने स्वतःच्या बुटांचा तळ कधी बघितला असेल असं मला वाटत नाही. तिच्या कामातही तसंच होतं. माग काढायला निघाल्यावर पहिली गोष्ट कोणती? स्वतःचा माग वजा करायचा. आपली पावलं रानात असतातच, ती मोजायची नाहीत, बघायचीही नाहीत. आणि मी बरोबर असले की तिचा नियम होता: "माझ्या बाजूने चाल. पुढे गेलीस तर माग मोडशील, मागे राहिलीस तर माझी पाठ बघत बसशील."

बरीच वर्षं गेली, मी मोठी झाले. मग एका सकाळी मामा पक्कड आणि तारेचं वेटोळं घेऊन वरच्या कुंपणाकडे गेला आणि परत आला नाही.

पक्कड सापडली. तारेला अडकवलेली, आत्ता येतो म्हणून ठेवल्यासारखी. एक तार अर्धी पिळलेली. पलीकडे पंधरावीस पावलांवर जमीन संपते आणि दरी सुरू होते, खाली इतकी झुडपं की पडलेला दगडही आवाज करत नाही. मामी पोचली तेव्हा तिच्या आधी माणसं पोचली होती. चांगली माणसं, सगळी मदतीला धावलेली. शिट्ट्या, काठ्या, दोर, कुत्री. मामी कुंपणापासून ओरडत होती, "बाजूने चाला! अहो, बाजूने चाला, त्याच्या मागावर पाय देऊ नका!" तिला कोणीतरी धरून खाली बसवलं, पाणी पाजलं. त्यांना वाटलं, बाई भ्रमात बोलतेय.

दुपारपर्यंत तिथली जमीन बाजाराच्या रस्त्यासारखी झाली होती. ज्या जमिनीवर तिने सशाचं बारीकसं पाऊल कधी चुकवलं नाही, तिथे आपल्या नवऱ्याचं शेवटचं पाऊल कुठल्या दिशेला होतं हे तिला वाचता आलं नाही. दरीत कितीही उतरले तरी काही मिळालं नाही.

हिवाळा गेला. मग ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा फोन आला.

"तू आईकडे जा."

"काय झालं?"

"चौकीचं घर सोडायचंय, नवीन माणूस येतोय तिच्या जागी. तिची छाती भरलीय, डॉक्टर म्हणतात आणखी एक हिवाळा वर काढायचा नाही. मी खोली तयार ठेवलीय. आणि ती येत नाही म्हणते."

"सवयीचं घर आहे गं..."

"सवय नाही." ताईचा आवाज एकदम खाली गेला. "म्हणते, बाबा तिथेच आहेत. म्हणते, रोज दिसतो त्यांचा माग. माझ्याने नाही ऐकवत. तुला तिने शिकवलंय. तू जा, बघ आणि मला सांग, आईचं डोकं फिरलंय की..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. दुसरी बाजू उच्चारायची तिची हिंमत नव्हती, आणि माझीही.

मी पोचले तेव्हा मामी पायरीवर बसली होती. किती लहान झाली होती! कोटाच्या बाह्या बोटांवर आल्या होत्या. शेजारी तिचे बूट, चिखलाने लडबडलेले.

"आलीस? तुझा डावा खांदा ओढलाय, बॅग जड आहे. राहायला आलीस, बोलायला नाही. ताईने पाठवलं."

"हो."

"खरं बोललीस म्हणून चहा मिळेल."

स्वयंपाकघरात तिने कप काढले. दोन माझ्या-तिच्यासाठी, आणि तिसरा काढून, हातात धरून, परत ठेवला. खोकला आला की ती ओट्याची कड पकडायची. मी विषय कसा काढावा याचा विचार करत होते, तर तीच म्हणाली:

"थंडी सरली तसा दिसायला लागला. पहिल्यांदा ओढ्यापाशी. मला वाटलं, जुना असेल, हिमाखाली राहिला असेल. पण कडा उभ्या होत्या. ढासळलेल्या नाहीत. आदल्या दिवसाचा."

"मामाचाच कशावरून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कपात बघायला लागले.

"चंद्रकोर," ती म्हणाली. "डाव्या टाचेला. मग रोज. ज्या वाटेने मी काल गेले, त्या वाटेवर आज त्याचा माग. नेहमी कालचा. आजचा कधी नाही. मी असताना येत नाही तो."

"आणि तुझा माग? तूही गेलेली असतेस ना त्याच वाटेने. तुझी पावलं कुठे असतात?"

"माझी दिसत नाहीत."

"म्हणजे?"

मामी हसली. फार दिवसांनी कोणीतरी बरोबर प्रश्न विचारल्यासारखी. "विसरलीस? मागचा पाय पुढच्याच्या ठशात. माझ्या पावलावर पाऊल टाकतो तो. जन्मभर जमलं नाही, आता जमतंय."

खिडकीबाहेर उजेड पिवळा होत होता. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"मामी, मग तो घरी का येत नाही?"

"लाजत असेल. उशीर झाला की तो कधी सरळ आत आलाय? आणि वाळलाय गं फार. ठसा उथळ पडतो, वजन राहिलेलं नाही. पाऊलही आखूड झालंय, गुडघा दुखत असणार. मी कुंपणाजवळ त्याचा स्वेटर टांगून ठेवलाय फांदीला. हातही लावत नाही. मानी माणूस." ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आवाज पण येतो. खडकावरून जाताना. टिक. टिक. मागे. मी थांबले की तोही थांबतो."

मी कप खाली ठेवला.

"आता तू सांग," ती म्हणाली, "मी खाली राहायला गेले आणि तो दाराशी आला तर? कुलूप बघून माणूस काय वाचेल त्यातून?"

सकाळी आम्ही निघालो. धुकं जमिनीलगत होतं. मामी बूट पायरीवर दोनदा आपटून, तसेच पायात घालून पुढे झाली, मी नियमाप्रमाणे तिच्या बाजूने. चढावर तिला दम लागायचा, दर थोड्या वेळाने ती झाडाला टेकायची. पण डोळे तेच होते. "हे बघ, खाल्लंय. ओढून. पांढरं आहे अजून, आज पहाटेचं." "इथे निजली होती. मोठा खळगा, शेजारी छोटा. पाडस आहे यंदा." बोलताना तिचा चेहरा उजळायचा आणि मला वाटायचं, हिचं डोकं फिरलंय? हिचं?

ओढ्यापाशी ती थबकली. "बघ."

आणि मी बघितला. कालचा माग. चौकटींची नक्षी आणि डाव्या टाचेला चंद्रकोर. दर सुट्टीत मी या ठशांशेजारी वाढले होते. मामाच.

"नाव नाही घेतलंस," मामी म्हणाली. "शहाणी."

पुढे उघडा खडक लागतो. तिथे मातीच नाही, काही उमटत नाही. आम्ही त्यावर पाय ठेवला आणि मला तो ऐकू आला.

टिक.

आमच्या अगदी जवळ. टप, टिक. टप, टिक. मामाची चाल, चौकीच्या फरशीवरची. मामीने माझा हात धरला आणि थांबली. आवाज थांबला. धुकं. कुठेतरी पान गळाल्याचा आवाज. तिने वळून बघितलं नाही, मीही नाही.

"ऐकलास?"

"हो," मी म्हणाले. खरंच ऐकला होता. ताईला काय सांगायचं, हे त्या क्षणी माझ्यापुरतं ठरलं होतं: आई शुद्धीवर आहे आणि बाबा इथे आहेत.

खडक उतरून आम्ही मऊ मातीत आलो. माझ्या बुटात खडा गेला होता. मी वाकून बूट काढला, झटकला, परत घातला. एवढ्या वेळात मामी पुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या मागे राहिले होते. मान वर करून मी जमिनीकडे बघितलं.

माझ्या आणि तिच्या मध्ये मामाचा माग होता.

ताजा. इतका ताजा की ठशाच्या तळाशी पाणी अजून झिरपत होतं. मी नजर पुढे नेली, एक पाऊल, आणखी एक, आणखी एक. कोर, कोर, कोर. तो माग सरळ मामीपर्यंत जात होता. तिने डावा पाय उचलला आणि त्या पायाखालून आणखी एक चंद्रकोर निघाली.

"काय गं, काय झालं?" तिने वळून विचारलं.

"काही नाही. खडा होता."

खोकल्याचं औषध आणायचं निमित्त करून मी दुपारी खालच्या बाजारात उतरले. मोच्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, वर माणसं चढली-उतरली की त्याच्या डोक्यावर धूळ पडायची. तोंडात खिळे धरून तो म्हणाला, "भाची ना तुम्ही? चालीवरून ओळखलं. उजवी टाच घासता."

"काका, मामीचे बूट तुम्ही दुरुस्त केलेत?"

"केलेत की! पार भोकं पडली होती सोलला. थंडीतच पाठवले होते गाडीवाल्याबरोबर. का, सुटला का सोल? सुटायचा नाही तो."

"नवीन सोल घातलात?"

त्याने खिळे हातावर काढले. आवाज बदलला. "नवीन नाही. तुमच्या मामांचा एक जोड होता माझ्याकडे. वरचं चामडं फाटलं म्हणून टाकून गेले होते, त्या... त्या दिवसाच्या आधी. सोल अजून नवा होता. रोज समोर दिसायचा तो जोड. विकवेना, फेकवेना. मग बाईंचे बूट आले. म्हटलं, कडा थोड्या तासल्या की बसतोय. म्हटलं, त्यांचं काहीतरी त्यांच्या पायाशी राहील."

"आणि नाल?"

"ती कशाला काढू? मीच ठोकलेली." तो माझ्याकडे बघत राहिला. "चुकलं का माझं? गाडीवाल्याला निरोप दिला होता मी, बाईंना सांग म्हणून. सांगितलं नाही का त्याने?"

"नाही."

"विसरला असणार तो. दहा माणसांचं सामान, डोकं एक." मग हळूच, "काय झालंय हो?"

मी सांगितलं. तो खिळे एकेक करून डबीत टाकत राहिला, आणि शेवटचा टाकल्यावर म्हणाला, "आता त्यांना हे सांगणार कोण? मला नाही जमणार. मी नवीन सोल फुकट घालून देतो, पण हे नाही."

वर चढताना मी स्वतःशी भांडत होते. सांगितलं नाही तर मामी त्या मागासाठी वरच राहणार, आणि येता हिवाळा तिला घेऊन जाणार. सांगितलं तर? तिला वाचायला मिळालेलं मामाचं एवढंच होतं. शोधायला आलेल्या चांगल्या माणसांनी एकदा तिच्यासमोर त्याचा माग पुसला होता. आता मीही एक चांगलं माणूस होऊन आले होते.

दुसऱ्या सकाळी ओढ्याच्या पुढच्या वाळूवर मी थांबले.

"मामी, एका मागावर माझं अडलंय. तू वाच."

आम्ही नुकत्याच ज्या वाळूवरून आलो होतो तिकडे मी बोट केलं. ती मागे वळायला तयार नव्हती. "आपला माग आहे तो. वजा कर."

"एकदाच बघ. माझ्यासाठी."

ती वळली. बघितलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. "आज! आजचा आहे. तुझा मामा..."

"नाव नको," मी म्हणाले. "नाव शेवटी. आधी वाच."

ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. पण शिकवणारीला तिचाच नियम मोडता येईना. ती उकिडवी बसली, एका हाताने माझं मनगट धरून.

"हलकं," ती म्हणाली. "फार हलकं. पाऊल आखूड." बोट ठशावरून, न टेकवता, फिरत होतं. "घोटा... घोटा वाकडा नाही. पाय सरळ पडतोय. याला बाहेरच्या कडेवर यायला हवं होतं." ती पुढच्या ठशाकडे सरकली. "टोकं खोल. पुढे झुकून चालतंय, ओझं नाही तरी. दम लागतोय. इथे थांबलंय. इथे परत. सारखं थांबतंय... थांबून ऐकतंय काहीतरी. कड एकेरी आहे. दुसरं पाऊल नाही पडलेलं यावर. एकटंच आहे." आणि मग शिकवताना यायचा त्याच थंड, नेमक्या स्वरात: "बाई आहे. म्हातारी. आजारी."

तिचं बोट त्या पावलांच्या रांगेवरून पुढे आलं, आणखी पुढे, आणि तिच्या स्वतःच्या बुटापाशी येऊन थांबलं.

मग ती वाळूवर नीट खाली बसली, डाव्या बुटाचा बंद सोडला, बूट काढून उलटा केला. काडीने चिखल खरवडला. एक थर, आणखी एक. मामा चाकूच्या पाठीने काढायचा तसा. खाली चंद्रकोर चकाकली.

"मोची?"

"हो. त्याला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते." तिने कोरीवरून अंगठा फिरवला. "म्हणजे तो कुठेच नव्हता."

"नाही."

"आणि ती सारखी थांबणारी मी."

"हो."

"बाई गं," मामी म्हणाली, "किती म्हातारी झाले मी! आणि मला वाटत होतं, तो वाळलाय."

मग ती रडली. मी तिच्या शेजारी, वाळूवर, ठसे मोडणार नाहीत अशी बसून राहिले.

परत जाण्याआधी ती कुंपणाकडे गेली. स्वेटर अजून फांदीवर होता. एक बाही कुरतडून चिंध्या झालेली. "ओढून," ती म्हणाली, "वरचे दात नाहीत." लोकरीत जाडसर केस अडकले होते. तिने एक वाकवला, तो मोडला. तिने स्वेटर काढला, हुंगला आणि कोटाच्या आत घातला. "कोणाच्या तरी कामी आला."

जिथे तार अर्धी पिळलेली होती तिथे ती जरा उभी राहिली. दरीकडे बघितलं. मग मला म्हणाली, "ताईला सांग, खोलीला खिडकी आहे का ते मी आधी बघणार."

आता ती शहरात ताईकडे असते. खिडकी आहे. शेजाऱ्यांच्या पायपुसण्यांवरून घराघरांत काय चाललंय ते तिला कळतं, आणि ताई कपाळाला हात लावते. मोच्याने शब्द पाळला, नवीन सोल घेऊन शहरात आला होता. मामीने त्याला चहा दिला आणि सोल परत दिला.

"राहू द्या हा. झिजेल तेव्हा झिजेल."

"नाल तरी काढतो. शहरात घसरायला होतं."

"तिला तर हातही लावू नका."

संध्याकाळी ती फिरून येते. मी गेलेली असले की ताई आणि मी स्वयंपाकघरात असतो. खालून जिन्यात आवाज सुरू होतो. टप, टिक. टप, टिक. ताई भांडं घासता घासता थांबते. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही. दोघींना माहीत असतं कोण आहे ते, आणि तरी नाव आम्ही घेत नाही. मधल्या वळणावर मामीला दम लागतो. ती थांबते. टिकही थांबतो.

मग दोघं पुन्हा चढायला लागतात.